माणशी शिधा किती? – आमच्या कोठीतील एक अभ्यास

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची, बाह्यरुग्णांची आणि जमाखर्चाची पाने असतातच. यंदा विश्वस्त मंडळाच्या संमतीने त्यांतील काही पाने आम्ही अन्नछत्राच्या कोठीसाठी मागून घेतली आहेत. औषधाची मात्रा ठरवायला डॉक्टर असतात; परंतु रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या जेवणाची मात्रा कोणी आणि कशी ठरवावी, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटला तरी आम्हाला त्याने बराच काळ छळले आहे. ज्या हितचिंतकांच्या धान्यावर हे अन्नछत्र चालते, त्यांच्यापुढे या अभ्यासाचा वृत्तान्त ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रारंभ एका चुकीपासून करावा लागेल. एका आठवडे बाजाराच्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास बोधेगावकडून एक आजी आपल्या बाळंतपणासाठी आणलेल्या लेकीसोबत आल्या. लेकीला आत घेतल्यावर त्या थाळी घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या तेव्हा बगुण्याचा तळ खरवडून झालेला होता. बाजारामुळे त्या दिवशी भेटायला आलेली माणसे नेहमीपेक्षा अधिक होती आणि आम्ही तांदूळ मात्र नेहमीच्या अंदाजाने घातला होता. मावशींनी ओशाळून बिस्किटांचा पुडा पुढे केला. आजी म्हणाल्या, "असू द्या बाई, आम्हाला सवय आहे." त्या आठवड्यातच दुसऱ्या एका रात्री उलट घडले. भात इतका उरला की सकाळी तो टाकून द्यावा लागला. एकाच आठवड्यात एक माणूस उपाशी आणि एक बगुणे उकिरड्यावर, याला दैव म्हणता येत नाही. तो हिशोबाचा दोष होता आणि तो सर्वस्वी आमचा होता.

तोवर आमचा अंदाज आचाऱ्याच्या हातावर चाले. हा हात मुरलेला होता, यात शंका नाही; परंतु तो लग्नाच्या पंगतीत मुरलेला होता. पंगतीत गोड असते, दोन भाज्या, भजी, पापड, कोशिंबीर असते. चार पदार्थ ताटात आले की प्रत्येकाचा वाटा आपोआप आक्रसतो. पंगतीला येणारा माणूस घरी थोडे खाऊनही येतो. आमच्या खिडकीशी येणारा माणूस पहाटेच्या एस.टी.ने निघालेला असतो, दिवसभरात त्याने एखादा चहा घेतलेला असतो आणि समोर पदार्थ एकच असतो, खिचडी किंवा आमटी-भात. पदार्थ जितके कमी तितका प्रत्येकाचा वाटा मोठा, हा पहिला धडा आम्हाला मिळाला.

दुसरा प्रश्न मापाचा. आमच्या कोठीत एक जुने लोखंडी मापटे अजून आहे. शेराचे अर्धे ते मापटे, पावशेर ते चिपटे, दोन शेरांची अधोली आणि चार शेरांची पायली ही उतरंड आमच्या मागील पिढीच्या जिभेवर होती. १९५६ च्या कायद्यानंतर देशात दशमान वजनमापे आली आणि ती हळूहळू विस्मरणात गेली. ही मापे आकारमानाची. शीग लावून भरायचे की सपाट, यावर सगळे अवलंबून; शिवाय एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असे नसे. घरी पाच माणसांसाठी वाटीने तांदूळ घेणे ठीक आहे, कारण चूक झाली तर ती पाच घासांची होते. शंभर माणसांत तीच चूक शंभरपट होते. म्हणून आम्ही मापटे फडताळावर आदराने ठेवले आणि तागडी वापरू लागलो.

वजन करायचे ते मात्र कोरड्या जिनसांचे. येथे अनेकांची गल्लत होते. शिजलेला भात हा धान्य आणि पाणी यांचे मिश्रण आहे. कोरडा तांदूळ शिजून सुमारे अडीच ते तीनपट वजनाचा होतो, आणि तो नेमका किती होईल हे पाण्यावर व तांदळाच्या वयावर ठरते. जुना तांदूळ पाणी अधिक पितो आणि अधिक फुगतो, हे कोणतीही गृहिणी सांगेल. मोठ्या बगुण्यात वाफेने उडणारे पाणी प्रमाणाने कमी असते, त्यामुळे घरचे पाण्याचे प्रमाण तिथे लावले तर भात गिचका होतो. म्हणजे शिजलेल्या भाताची वाटी हे पोषणाचे माप नव्हे. पातळ खिचडीची वाटी आणि मोकळ्या खिचडीची वाटी दिसायला सारखीच, पण दुसरीत धान्य किती तरी अधिक. सरकारी नियमही याच कारणाने कच्च्या धान्यावर बेतलेले असतात. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ व ३० ग्रॅम डाळ असे प्रमाण धरलेले आहे. त्यातून अनुक्रमे ४५० आणि ७०० किलोकॅलरी मिळाव्यात अशी अपेक्षा असते. आमच्या अभ्यासाला हाताशी असलेला पहिला आधार हाच होता. गावातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एका ताईंनी आमच्या मावशींना तो समजावून दिला.

परंतु शाळेतील मूल आणि रुग्णाचा नातेवाईक यांची भूक एक नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणांनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात, मध्यम श्रम करणाऱ्याला २७१० आणि जड कष्ट करणाऱ्याला ३४७०. स्त्रियांसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० असे आहेत. कोरड्या धान्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० किलोकॅलरी असतात. म्हणजे कार्यालयात बसणारा माणूस आणि ऊस तोडणारा माणूस यांच्या भुकेतील अंतर धान्यात मोजले तर दिवसाला पाव किलोहून बरेच अधिक, जवळजवळ ३९० ग्रॅम भरते. शेवगाव-पाथर्डीचा आणि शेजारच्या बीडचा परिसर ऊसतोड कामगारांचा आहे. हंगामात आमच्या प्रसूतिकक्षाबाहेर कोयता खाली ठेवून आलेले तरुण बसलेले असतात. त्यांच्या ताटात आणि एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या ताटात एकच ओगराळे वाढणे म्हणजे समानता, असे आम्ही पूर्वी मानत होतो.

गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीपासून रोज ३५० किलोकॅलरी अधिक लागतात, आणि बाळंतिणीला पहिले सहा महिने ६०० अधिक. सासूबाई सुनेला "हलकंच खा" म्हणतात तेव्हा आमच्या सिस्टर्स हे आकडे तोंडपाठ सांगतात. ऐकले जातेच असे नाही.

माणशी धान्य किती, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही, आणि एकदा तर तो जीवनमरणाचा झाला होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाची झळ मुंबई इलाख्यातील दख्खनच्या जिल्ह्यांना बसली; त्यात अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, होता. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरील पुरुषाचा रोजचा शिधा दीड पौंडावरून एक पौंड धान्यावर आणला. त्यासोबत एक आणा मिळे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. धान्यापुरता हिशोब मांडला तर त्यातून १६०० किलोकॅलरीच्या आसपास मिळतात; वर सांगितलेल्या जड कष्टाच्या गरजेच्या निम्म्याहूनही कमी. आणि काम होते खडी फोडण्याचे, माती वाहण्याचे. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणाला कडाडून विरोध केला. दीड पौंडाखाली जाऊ नये आणि सोबत डाळ व भाजी हवी, असा त्यांचा आग्रह होता. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रास सरकारला त्याच वर्षी शिधा वाढवावा लागला आणि त्यात डाळीचा समावेश करावा लागला. अर्ध्या पौंडाचा हा वाद कागदावर किरकोळ दिसतो. कोठीत तराजूपुढे उभे राहिल्यावर तो तसा वाटत नाही.

१९७२ चा दुष्काळ तर आमच्या अनेक वाचकांनी स्वतः भोगला आहे. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल ज्वारी यांची चव साठीपुढच्या मंडळींना सांगावी लागत नाही. त्या पिढीतील माणूस आजही आमच्या छत्रात ताटात एक शीत ठेवत नाही. ताट स्वच्छ झाले म्हणजे पोट भरले असे मात्र समजू नये. हा फरक ओळखायला आम्हाला वेळ लागला. आता वाढणाऱ्याने ताट स्वच्छ दिसताच न विचारता थोडे पुढे करायचे, असा नियम आहे. "वाढू का?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "नको, झालं."

आता प्रत्यक्ष प्रमाणे सांगतो. दीर्घकाळ रोज शिजवण्यापूर्वीचे कोरडे वजन, जेवलेली माणसे आणि उरलेले अन्न या तीन गोष्टी फळ्यावर मांडत गेल्यावर ती स्थिरावली. फक्त खिचडी असेल तर मोठ्या माणसामागे ९० ग्रॅम तांदूळ आणि ३५ ग्रॅम मुगाची डाळ, मिळून १२५ ग्रॅम. शंभर माणसांना ९ किलो तांदूळ आणि साडेतीन किलो डाळ. भाकरी असेल तेव्हा भात ६० ग्रॅमवर येतो. भाकरीचे पीठ एकीला सुमारे ९० ग्रॅम धरावे, म्हणजे किलोत अकरा भाकरी. मिश्र गर्दीत माणशी दीड भाकरी पुरते, ऊसतोडीच्या हंगामात दोन धराव्यात. आमच्या भागाची मालदांडी ज्वारी असेल तर भाकरी कमी उरतात, एवढाही अनुभव नोंदवून ठेवतो. आमटीसाठी डाळ माणशी ३० ग्रॅम. दहा वर्षांखालील मुलाला मोठ्याच्या निम्मे धरतो. निवडताना निघणारे खडे आणि बगुण्याच्या तळाशी लागणारी खरवड यांची घट वेगळी धरावी लागते. ती न धरल्यामुळेच शेवटच्या पाच-सात माणसांना कमी पडते, आणि शेवटी येणारे नेहमी लांबच्या गावचे असतात.

एवढी प्रमाणे बसवूनही अंदाज चुकतच होता. कारण शोधता शोधता असे दिसले की आम्ही ग्रॅमच्या मागे लागलो होतो आणि माणसे मोजतच नव्हतो. खिचडीत माणशी १० ग्रॅमची चूक झाली तर शंभर माणसांत एक किलोचा फरक पडतो. पण वीस माणसे मोजण्यात चुकली तर अडीच किलोचा. पैठणहून पंढरीला जाणाऱ्या नाथांच्या पालखीतील दिंड्यांची व्यवस्था पाहावी. दिंडीत भिशी असते, माणसे नावानिशी ठाऊक असतात, त्यामुळे विणेकऱ्यापासून तुळशीवालीपर्यंत सर्वांना पुरेल असा शिधा आधीच काढता येतो. आमची दिंडी रोज बदलते. नवरात्रात मोहटादेवीची यात्रा असते, फाल्गुनात पैठणला नाथषष्ठी असते, आणि रस्त्यावर अपघात झाला की एका रुग्णामागे पंधरा माणसे येतात.

आम्ही कूपन सुरू केले. सकाळी कक्षात फिरून, ज्यांना जेवायचे आहे त्यांना चिठ्ठी द्यायची. योजना उत्तम होती आणि ती साफ फसली. लोक चिठ्ठीच घेईनात. घोटणचे एक शेतकरी म्हणाले, "आम्ही काय मागायला आलोय का?" हेच गृहस्थ रात्री दहा वाजता पाणी पिऊन बाकावर आडवे होताना रखवालदाराने पाहिले. दान घेणाऱ्याचा संकोच हा हिशोबात धरण्याचा घटक आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते. कूपन बंद केले. आता सायंकाळी पाच वाजता सिस्टर औषधाच्या फेरीला जातात तेव्हा प्रत्येक खाटेपाशी बसलेली माणसे नुसती मोजतात, कोणाला काही न विचारता, आणि आकडा कोठीत कळवतात. त्यात रात्री येणाऱ्यांसाठी आम्ही आठात एक या प्रमाणाने भर घालतो. बाजारदिवशी आणि अमावास्येला पाचात एक.

तरीही पाचची मोजणी ही पाचचीच. म्हणून सर्व तांदूळ एकदम चुलीवर चढवायचा नाही, हा आमच्या अभ्यासातील सर्वांत उपयोगी निर्णय ठरला. एकूण शिध्याच्या तीन चतुर्थांश आधी शिजतो. उरलेला धुऊनसुद्धा ठेवत नाही. तो वजन करून कोरडाच परातीत राहतो. साडेसातला खिडकीवरील रांग पाहून दुसरे बगुणे चढते किंवा परात कोठीत परत जाते. कोरडा तांदूळ उद्याही तांदूळच असतो. शिजलेल्या भाताचे तसे नाही, आणि रुग्णालयात तर मुळीच नाही. तांदळात असणाऱ्या काही जिवाणूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती वाढीस लागतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. भात एक तर वाफाळता, ६० अंशांच्या वर ठेवावा किंवा लवकर थंड करून शीतकपाटात ५ अंशांखाली ठेवावा. शंभर माणसांचा उरलेला भात मावेल असे शीतकपाट आमच्याकडे नाही. म्हणून "रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन द्या, वाया कशाला घालवता?" ही सूचना काही सद्भावी देणगीदारांनी केली तरी आम्ही ती नम्रपणे नाकारतो.

दुसरे बगुणेही संपल्यावर येणाऱ्या माणसासाठी आम्ही शेवया ठेवतो. आजींच्या त्या रात्रीनंतर ही सोय झाली. शेवया निवडाव्या लागत नाहीत, भिजवाव्या लागत नाहीत. पाव तासात उपमा तयार होतो आणि एका माणसापुरताही करता येतो. प्रमाण माणशी ७० ग्रॅम कोरड्या शेवया, दुसरे काहीच खायला नसेल तर ८०. शिजून त्या साधारण अडीचपट होतात. कोरड्या शेवया पसाभर घेतल्या तरी पुष्कळ वाटतात, कारण त्यांच्यात पोकळी फार. म्हणून इथे डोळ्यावर विसंबू नये, तागडीच घ्यावी. इटलीत आपल्या शेवयांचेच जे थोरले भाऊबंद रोज शिजतात, त्यांचेही माणशी माप कोरडे ८० ते १०० ग्रॅमच धरतात, आणि तिथल्या बाजारात हे माप घेण्यासाठी भोके पाडलेली पट्टीसुद्धा मिळते. भोकाभोकाने माणसे मोजण्याची ही युक्ती आमच्या मावशींना फार आवडली; पण आपल्या शेवया हाताच्या, वेड्यावाकड्या, त्यांना भोक लागू पडत नाही. खिरीसाठी मात्र २० ग्रॅम पुरे, कारण खिरीत मुख्य दूध. मधुमेही रुग्णास खीर नाही आणि उपमाही आहारतज्ज्ञांना विचारूनच.

धान्य देणाऱ्या मंडळींना काही विनंत्या आहेत. वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त शिजवलेले अन्न बाहेरून आणून वाटण्याऐवजी कोरडा शिधा द्यावा. त्या दिवशी मोजणीप्रमाणे तो आपल्या नावाने शिजेल, उरला तर दुसऱ्या दिवशी कामी येईल. शंभर माणसांच्या एका वेळच्या खिचडीला साडेबारा किलो धान्य-डाळ लागते, यावरून आपला संकल्प ठरवता येईल. तांदूळ पुष्कळ येतो, डाळ कमी येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २००० किलोकॅलरीच्या आहारात सुमारे २५० ग्रॅम धान्याबरोबर ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये हवीत, आणि रेशनवर मिळणारे महिन्याचे माणशी ५ किलो म्हणजे दिवसाचे १६५ ग्रॅम धान्यच असते. आमच्या छत्रात येणाऱ्या बहुतेकांच्या घरी डाळच महाग पडते. तेव्हा दोन किलो तांदळामागे एक किलो डाळ असे आल्यास आम्हाला सोयीचे होईल. पितृपंधरवड्यात कोठी भरून वाहते आणि ज्येष्ठात तळ दिसतो. कोणी ज्येष्ठासाठी आपला दिवस बदलून दिला तर त्यांचे उपकार मानू.

नातेवाइकांनाही एक सांगणे आहे. आपल्या ताटात कमी पडले तर ते मागून घेणे म्हणजे दुसऱ्याचे घेणे नव्हे. तेवढे आम्ही आधीच धरलेले असते.

उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत ज्या भगिनी शेवया करतात त्यांनी आपल्या घाण्यातील किलो-दोन किलो आमच्यासाठी काढून ठेवाव्यात. त्या कडक वाळलेल्या असाव्यात, बोटात धरल्यावर कट्‌ आवाज करून तुटतील इतक्या. दमट शेवयांना पावसाळ्यात बुरशी येते. मीठ घातलेले असल्यास चिठ्ठीवर तसे लिहावे, म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णांसाठी त्या वेगळ्या ठेवता येतील. कोठीतील पत्र्याच्या डब्यात पाच किलो मावतात, म्हणजे सुमारे सत्तर माणसांची सोय. डबा खिडकीच्या आतल्या बाजूला, रात्रपाळीच्या मावशींच्या हाताशी असतो आणि त्याला कुलूप लावलेले नाही.